वरचं अन्न : मिक्सर नक्की कधी बंद करायचा?

पालवी
सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू, इथवर घरात, दवाखान्यात सगळीकडे एकमत असतं. काय द्यायचं याच्या याद्याही ढिगाने मिळतात. पण किती घट्ट, किती मऊ, कण कधीपासून, तुकडे कधीपासून, हे कुणी धड सांगत नाही. मग पहिल्या दिवशी वरण-भात मिक्सरमधून निघतो आणि वर्ष झालं तरी तसाच निघत राहतो. मध्येच एखादं शीत राहिलं की बाळ उबळ काढतं, घरचे घाबरतात आणि मिक्सर आणखी दोन मिनिटं फिरतो.

तर प्रश्न असे. मिक्सर मुळात लागतो का? दात नसताना बाळ कण चावणार कसे? आणि आठ महिन्यांचं बाळ फक्त गुळगुळीत पेस्टच खात असेल तर त्याला पुढे कसं न्यायचं? 'डॉक्टरांना विचारा' हे ठाऊक आहे, तेही विचारूच. इथे स्वयंपाकघरातलं सांगा.

खलबत्ता
मिक्सर लागत नाही. शिजलेला भात मिक्सरमध्ये फिरवला की दाण्यातला स्टार्च बाहेर येतो आणि भाताची खळ होते. बटाट्याचंही तेच. ही खळ टाळूला चिकटते, बाळाला ती जिभेने हलवता येत नाही, आणि आपण म्हणतो याला भात आवडत नाही.

२ टेबलस्पून तांदूळ, १ टेबलस्पून मुगाची डाळ धुऊन अर्धा तास भिजवा. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून १० मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडल्या उघडल्या, गरम असतानाच डावाच्या पाठीने किंवा वाटीच्या बुडाने घोटा. भात एकदा निवला की नीट घोटला जात नाही, गुठळ्या राहतात. वर अर्धा चमचा साजूक तूप. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडं वाढवा.

पहिले काही दिवस अगदीच मऊ हवं असेल तर पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा. मग मोठी जाळी. मग जाळी बंद, नुसता हात.

टवाळ_टोणगा
पुरणयंत्र म्हणजे एका होळीला माळ्यावर चढतं आणि पुढच्या होळीला उतरतं तेच ना? बिचाऱ्याला बारमाही नोकरी लागली म्हणायची.

उंबरठा
मला हे पटत नाही. दात आल्याशिवाय घट्ट अन्न देऊ नये असेच आमच्याकडे पूर्वापार आहे. पेज, वरणावरचे पाणी, भाज्यांचे सार, फळांचा रस यावर पहिले वर्ष सहज निघते. पचायलाही हलके. उगाच कण घशात अडकवून जिवाला घोर कशाला?

स्वरयंत्र
उंबरठा, भीती रास्त आहे, पण दातांचा संबंध इथे थोडा चुकीचा जोडला जातो. पुढचे दात अन्न तोडतात, रगडत नाहीत. रगडणाऱ्या दाढा येतात साधारण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान. तोवर थांबलो तर चावणं शिकायचं वयच निघून जाईल. हिरड्या चांगल्या कडक असतात. उकडलेलं रताळं त्यांच्यात आरामात चिरडतं.

खरी शिकायची गोष्ट जिभेची आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात जबडा नुसता वर-खाली होतो आणि जीभ पुढे-मागे. सातव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास जीभ बाजूला वळायला लागते आणि घास गालाकडे, हिरडीवर नेते. गोल फिरवून चावणं वर्षाच्या पुढचं, आणि ते पक्कं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. पेस्ट खाताना जिभेला बाजूला वळायचं कामच पडत नाही. मग ती शिकणार कशी?

ब्रिटनच्या एव्हन भागात हजारो मुलांची वर्षानुवर्षं पाहणी झाली आहे. ज्यांना कण असलेलं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर मिळालं, त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या आणि सातव्या वर्षी ती फळं-भाज्याही कमी प्रकारच्या खात होती. पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कारण तेच असं छातीठोक म्हणता येत नाही. पण दवाखान्यात दिसतं ते याच्याशी जुळतं.

वळचण
+१ स्वरयंत्र. आणि सुरुवातीला बाळ जिभेने घास बाहेर ढकलतं, तेही 'आवडलं नाही' म्हणून नसतं. तान्ह्या बाळाची ती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि चार ते सहा महिन्यांत ओसरते. सहा महिने झाल्यावरही जोरात ढकलत असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा द्यावं. मान स्थिर आहे का, आधाराने बसतं का, आपल्या ताटाकडे झेपावतं का, हेही बघावं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे महिने कसे धरायचे ते मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

आठवडी_दवाखाना
वरणाच्या पाण्याबद्दल लिहितोच. ७ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी अंदाजे २०० मिली मावतं. आईचं दूध चालू असताना ६ ते ८ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज साधारण २०० किलोकॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. वरणावरच्या पाण्याने पोट तुडुंब भरतं आणि हातात जवळपास काहीच पडत नाही. वर दूधही कमी प्यायलं जातं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. वजनाचा आलेख सहाव्या महिन्यानंतर आडवा होतो तो बऱ्याचदा इथे. फळांच्या रसाचं तसंच, वर्षाच्या आत तो नकोच. फळ कुस्करून द्या.

परीक्षा सोपी आहे. चमचा तिरका धरा. अन्न सरसर ओघळलं तर पातळ आहे. चमच्यावर टिकून हळूच घसरलं तर बरोबर.

प्रमाण : सुरुवातीला २-३ टेबलस्पून, दिवसातून दोनदा. हळूहळू वाढवत आठ महिन्यांपर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांपासून अर्धी ते पाऊण वाटी, तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. आपली आमटीची वाटी बहुधा दीडशे मिलीच्या आसपास भरते, तेव्हा एकदा औषधाच्या टोपणाने मोजून ठेवा. आणि हे आकडे म्हणजे गृहपाठ नव्हे. बाळाने मान वळवली की जेवण संपलं.

गावकुस
अंगणवाडीच्या प्रशिक्षणात हाच मुद्दा सगळ्यात जास्त वेळ घेतो. घट्ट केलं तर बाळ गिळत नाही, पातळ केलं तर ताकद राहत नाही. यावरचा उपाय मोड आलेल्या धान्याचं पीठ.

गहू किंवा नाचणी १२ तास भिजवा, फडक्यात बांधून २४ ते ३६ तास मोड येऊ द्या, कडक वाळवा, मंद आचेवर हलकेच भाजा, दळा. जास्त भाजलं तर फायदा गेला, कारण मोडातलं अमायलेज नावाचं, स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने मरतं. आता नेहमीची घट्ट लापशी शिजवून खाली उतरवा, बोट जेमतेम टेकवता येईल इतकी कोमट होऊ द्या, त्यात अर्धा ते एक चमचा हे पीठ घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत लापशी डोळ्यांदेखत सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा, कच्चं पीठ पोटात जायला नको. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे त्याच वाटीत जास्त पीठ मावलं. उकळत्या लापशीत टाकलं तर विकर लगेच मरते आणि काहीच होत नाही. 'आमचं पीठ चालत नाही' म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथंच चुकते.

अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार वापरत असाल तर आधी पाकिटावर घटक वाचा. साखर-मीठ आधीच असेल तर वरून घालू नका.

सोलकढी
नाचणीवरून आठवलं. सत्त्व काढायची पद्धत, म्हणजे भिजवून वाटून फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवायचा, ती पचायला हलकी खरी, पण नाचणीचं कॅल्शियम बरंचसं तिच्या सालीत असतं आणि साल फडक्यात राहते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते फेकून उरलेला स्टार्च बाळाला कशाला? मोड आणून, वाळवून, दळून, मैद्याच्या चाळणीने चाळलेलं पीठ बरं.

एक टेबलस्पून पीठ, पाऊण वाटी पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं की गाठी ठरलेल्या. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, चकाकी येऊन कच्चा वास जाईपर्यंत. निवल्यावर घट्ट होते, त्यामुळे गॅसवर असताना थोडी सैलच ठेवावी.

चौकस_आजोबा
एक शंका. उष्टावण मुलीचे पाचव्या महिन्यात, मुलाचे सहाव्या किंवा आठव्या महिन्यात करायची पद्धत आहे. मग मुलीला पाचव्यात खीर चाटवली तर लगेच जेवण सुरू करायचे का? आणि आठव्यात असेल तर तोवर थांबायचे?

आठवडी_दवाखाना
दोन्हीला नाही. उष्टावण हा सोहळा, आहार सुरू करणं वेगळं. सहा महिने म्हणजे १८० दिवस, मुलगा असो वा मुलगी. मुहूर्त आधी आला तर मामाने सोन्याची अंगठी नुसती ओठाला टेकवावी, फोटो तेवढाच छान येतो. आठव्या महिन्यापर्यंत थांबणं मात्र नको. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या सरकारी मोहिमेत ६ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध दिलं जातं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आशाताईंकडे मिळतं. शी काळपट होते, घाबरू नका.

खिरीत मध नको. बारा महिन्यांच्या आत मध अजिबात नाही, चाटण म्हणून नाही, गुटीतही नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळीने मरत नाहीत.

टवाळ_टोणगा
मामा फक्त अंगठी टेकवणार आणि मग अख्खी खीर कोण खाणार, हेही एकदा ठरवून टाका. माझं नाव पुढे करतो.

खलबत्ता
पालवी, कण वाढवायला सगळ्यात सोयीचं म्हणजे आपलं खिमट. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुऊन सावलीत फडक्यावर पूर्ण वाळवायचं, मंद आचेवर भाजायचं, रंग बदलू द्यायचा नाही. अर्धा चमचा जिरं घालून दळायचं. दोन टेबलस्पून खिमटाला एक मोठा कप पाणी, गारच कालवून दहा-बारा मिनिटं शिजवायचं.

गंमत दळण्यात आहे. पहिली खेप पिठीसारखी बारीक. महिन्याभराने दुसरी खेप बारीक रव्यासारखी. आठव्या महिन्यात इडली-रव्यासारखी. चव तीच, वास तोच, फक्त कण मोठा. बाळाला कळतही नाही. एकदम जास्त करून ठेवू नका, महिन्यापुरतं पुरे. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांचंच.

स्वरयंत्र
खलबत्ता यांनी जे सांगितलं ते मी छापून भिंतीला लावेन. एका वेळी एकच बदल. नवी चव असेल तर पोत जुना, नवा पोत असेल तर चव जुनी.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक. लोकांना वाटतं पातळ वरणात चार शितं टाकली की कणांची सवय होईल. हा सगळ्यात अवघड प्रकार आहे. पाणी घशाकडे आधी पळतं, शीत मागे राहतं, आणि बाळाला एकाच वेळी दोन वेगळ्या वेगांचं गिळायला लागतं. ठसका तिथेच लागतो. दुधात भिजवलेली पोळी, तुकडे घातलेलं सूप, रसाळ संत्र्याची फोड, सगळी त्याच जातीतली. क्रम असा धरा : आधी एकजीव घट्ट, मग घट्टात बारीक मऊ कण, मग हातात धरून खायचे मऊ तुकडे, आणि पातळात तुकडे सर्वांत शेवटी. वरण भातात मुरून चमच्यावर एक गोळा दिसला पाहिजे.

चमचा उथळ हवा. सरळ आत न्या, जिभेच्या मध्यावर टेकवा आणि थांबा. बाळाने वरचा ओठ मिटून अन्न ओढलं पाहिजे. आपण चमचा वर उचलून हिरडीला पुसून काढला तर ओठाला काही कामच राहत नाही. आणि बसवून द्या. बोंडल्याने दूध पाजायला पायांवर आडवं घेतात तसं घेऊन घट्ट अन्न देऊ नये. पाठ ताठ, पायाला खाली टेकू.

कीवीकाकू
इकडे ऑकलंडला बरेच जण चमचा वापरतच नाहीत, पहिल्या दिवसापासून बाळाच्या हातात तुकडे. न्यूझीलंडमधल्याच ओटागो विद्यापीठाने त्यावर चाचणी केली होती. पालकांना सुरक्षित तुकडे कसे द्यायचे आणि लोहाचे पदार्थ कोणते ते आधी शिकवलं, मग घास अडकण्याचं प्रमाण चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. पण त्याच अभ्यासात दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांना धोकादायक पदार्थ दिले जात होते, हेही निघालं. म्हणजे पद्धत कुठलीही असो, ताटात काय आहे ते बघा.

आपला वरण-भात हाताने खायला देणं सुरुवातीला जमणारं नाही. दोन्ही एकत्र करा. वाटीतलं चमच्याने, शेजारी एक-दोन तुकडे हातात.

तुकडा आपल्या करंगळीएवढा लांब हवा, मुठीतून वर यायला पाहिजे. सहा-सात महिन्यांत बाळ पूर्ण मुठीने धरतं, लहान तुकडा मुठीतच गडप होतो. चिमटीत धरणं नवव्या महिन्याच्या आसपास जमतं, तेव्हा वाटाण्याएवढे मऊ तुकडे. आणि अंगठा-तर्जनीत सहज चिरडलं नाही तर देऊ नये. उकडलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, इडलीची लांब फोड, पिकलेली पपई, धिरड्याची पट्टी.

शेंगदाणा_कूट
आणि काय अजिबात नको?

आठवडी_दवाखाना
अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, लाह्या, मक्याच्या लाह्या, चिवडा, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद, अख्खी द्राक्षं, बोरं, बियांसकट सीताफळ. आपल्याकडे मुलांच्या श्वासनलिकेतून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा नंबर वरचा आहे. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. द्राक्ष द्यायचंच तर लांबीत चार फोडी करून. आडवं कापलेलं द्राक्ष नळीत बूच बसावं तसं बसतं.

उबळ आणि घास अडकणं यात फरक ओळखा. उबळ आली की आवाज येतो, तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते, डोळ्यांत पाणी येतं. सहा महिन्यांच्या बाळात उबळीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, वयाबरोबर ती मागे सरकते. म्हणून लवकर उबळ येते, आणि ती राखणदारी करते. अशा वेळी शांत बसा. पाठीत धपका घालू नका, तोंडात बोट घालू नका.

घास अडकला तर आवाज बंद. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळे पडतात. वर्षाच्या आतलं बाळ पालथं करून हातावर घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली ५ दाब. आळीपाळीने करत राहा, दुसऱ्याने १०८ लावायचा. तोंडात दिसत असेल तरच बोटाने काढा. निपचित पडलं तर सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं). हे वाचून येत नाही, कुठे शिकवत असतील तिथे घरातल्या दोघांनी तरी जाऊन शिकून घ्या.

शेंगदाणा_कूट
म्हणजे माझ्या नावालाच बंदी!

वळचण
बंदी दाण्याला आहे, कुटाला नाही. उलट कूट लवकर द्यावं असंच आता म्हणतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या अभ्यासात जोरदार इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

दाणे भाजून, साल पाखडून, मिक्सर थांबवत थांबवत फिरवून (सलग फिरवला की तेल सुटतं) बारीक चाळणीने चाळा. पाव चमचा कूट नाचणीच्या लापशीत एकजीव करा. चमच्याच्या टोकावर चाटवा, दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं. सकाळी द्या, दवाखाने उघडे असतात तेव्हा. गांध्या, ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या, घरघर यावर दोनेक तास लक्ष ठेवा. पचलं तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, एकदा देऊन सोडून देऊ नका. मोठं इसब असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना विचारूनच. पीनट बटरचा गोळा चमच्याने नको, टाळूला चिकटतो.

अंड्यालाही हेच लागू. १२ मिनिटं उकडून, पिवळं-पांढरं दोन्ही, मऊ भातात कुस्करून. 'पांढरं वर्षानंतर' हा नियम आता मागे पडला आहे.

उंबरठा
दाढांविषयीचे स्पष्टीकरण पटले. पेजेबद्दलचा माझा आग्रह मागे घेतो. पण कुणाच्याच कृतीत गूळ-मीठ नाही, तर मग चव ती काय? आळणी कोण खाईल?

सोलकढी
आजवर ज्याने मीठ चाखलंच नाही, त्याला आळणी कळणार कसं? वर्षाच्या आत वरून मीठ नको, आणि साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळावेत. चव जिऱ्याने येते, हिंगाने येते, लसणीच्या एका पाकळीने येते, कोकमाने येते. सगळ्यांच्या भाजीत मीठ-तिखट पडायच्या आधी बाळाचा वाटा बाजूला काढायचा, एवढंच काम. मेतकूट घालता येईल, पण विकतच्यात बहुधा मीठ असतं. लापशी गोड हवी तर पिकलं केळं कुस्करा. वरण-पालकावर दोन थेंब लिंबू पिळलं तर चवही येते आणि डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. नवी चव आठ-दहा वेळा तरी पुढे करावी लागते, दोनदा थुंकलं म्हणून भोपळा बाद करू नये.

मासे खाणाऱ्यांसाठी : सुरुवात मुडदुशाने करा. मऊ असतो, काटे मोठे आणि सरळ, हाताला लागतात. पापलेट, रावसही चालतील. तारली, बांगडा, पाला नंतर, त्यांचे केसाएवढे काटे मोठ्यांनाही चकवतात. फक्त हळद लावून वाफवायचा, मग प्रत्येक पाकळी दोन बोटांत चोळून बघायची. चमच्याने काटे सापडत नाहीत.

टवाळ_टोणगा
अवांतर : लंगोटात काळे दोरे दिसतायत, कृमी म्हणायचे का? मित्र विचारतोय.

वळचण
मित्राने केळं दिलं असेल. केळ्याच्या मधल्या भागातले तंतू शीमध्ये बारीक काळ्या धाग्यांसारखे दिसतात. गाजराचे केशरी तुकडे जसेच्या तसे येतात, बिटाने लाल. यावरून 'पचत नाही, परत मिक्सर लावा' असं ठरवू नये. बाळ खेळतंय, वजन वाढतंय तर ठीक. शी खडा होत असेल तर नुसता भात-केळं कमी करून पपई, भोपळा, भिजवलेल्या काळ्या मनुकांचा गाळलेला गर, आणि जेवणासोबत उघड्या फुलपात्रातून दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी.

पालवी
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. एकच राहिलं : आठ महिन्यांचं, पेस्टवर अडकलेलं बाळ. नेमकं उद्यापासून काय?

स्वरयंत्र
उद्यापासून मिक्सर तसाच ठेवा, पाणी कमी करा. तीन-चार दिवस फक्त घट्टपणा वाढवायचा, श्रीखंडाइतका. ते रुळलं की चार चमचे पेस्टमध्ये एक चमचा हाताने घोटलेला तोच वरण-भात. दोन दिवसांनी दोन चमचे. असं करत दोन-तीन आठवड्यांत पेस्ट संपते. जेवणाचे पहिले चार-पाच घास नव्या पोताचे, भूक असते तेव्हाचे. मग कुरकुर केली तर उरलेलं जुन्या पोताचं द्या, उपाशी ठेवून शिकवू नका. उबळ आली तर थांबा, हसून बघा, पुढचा चमचा अर्धा भरा. मागे जायचं तर एकच पायरी.

सोबत दिवसातून एकदा, पोट अर्धं भरलेलं असताना, भोपळ्याची उकडलेली फोड हातात. तोंडात नाही गेली तरी हरकत नाही, चिवडू दे. ती गालाच्या बाजूने हिरडीवर टेकवली तर जबडा आपोआप चालू होतो. मोबाईल बंद. मोबाईल बघत गिळणारं बाळ चावत नाही, नुसतं आत ढकलतं. जेवण अर्ध्या तासाच्या आत आटोपायचं.

हे सगळं करूनही महिन्याभरात काहीच फरक नसेल, किंवा दूध पितानाही ठसका लागतो, गिळल्यावर आवाज ओलसर घरघरतो, अन्न नाकातून येतं, सारखा कफ होतो, वजन थांबलंय, यांतलं काहीही असेल तर घरी प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्यांकडे चिठ्ठी मागा.

चौकस_आजोबा
सकाळचे खिमट संध्याकाळी चालते का? सून दोघांच्याही नोकऱ्यांमुळे विचारते आहे.

खलबत्ता
चालतं, पण बाळाच्या वाटीत वाढायच्या आधीच वेगळं काढलेलं. लाळ लागलेला चमचा ज्यात गेला ते उरलं तर टाकून द्यायचं. भाताचे पदार्थ बाहेर ठेवू नका, शिजल्यावर पसरट भांड्यात निववून तासाभरात फ्रिजमध्ये, आणि २४ तासांत संपवायचे. परत गरम करताना थोडं पाणी घालून पूर्ण वाफ येईपर्यंत, नुसतं कोमट नाही, एकदाच. पालक आणि बिटाचं मात्र रोजचं रोज करावं.